आख्यानाआधी पूर्वरंग

वय पंचवीस, नोकरी पुण्यात, घर कोल्हापुरात. लॉकडाऊनमध्ये घरी असताना या वाचक तरुणीला 'डेमन स्लेयर' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये या मालिकेचा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट भारतात लागला, तेव्हा तिचे वडील डोळे तपासायला पुण्यात आले होते. दुपारी दवाखान्यात थेंब घालून तासभर बसवलं, मग तपासणी झाली, आणि संध्याकाळी ती त्यांना हौसेनं चित्रपटाला घेऊन गेली. त्यांच्यासाठी हिंदी डबिंगचा खेळ निवडला. मध्यंतरात ते म्हणाले, "आता जाऊया का घरी?" तिनं थांबा म्हटलं, ते थांबले आणि उत्तरार्धात झोपले. शेवटाकडे ती रडत होती तेव्हा त्यांना जाग आली. परतताना स्कूटरवर म्हणाले, "एवढ्या मोठ्या पोरीनं कार्टून बघून रडायचं होय?" दिवाळीत हाच किस्सा त्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितला आणि सगळे हसले. आत्यानं वर बजावलं, स्थळं येतायत, हे असलं कुणाला सांगू नकोस. 'इन्फिनिटी कॅसल' हा तीन भागांतला पहिला. पुढचा आला की वडिलांना पुन्हा न्यावं का, हे सगळं त्यांना पटवून कसं द्यावं, की आपला नाद आपल्यापुरता ठेवावा, असं तिनं विचारलं आहे. वडील तरुणपणी तालमीत जायचे, हेही तिनं ओघात लिहिलं आहे. पत्राचं शेवटचं वाक्य: "मी जरा जास्तच करते का?"

प्रिय मैत्रिणी,

तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून तुला 'तू'च म्हणते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. नाही, तू जास्त करत नाहीस. पाच-सहा वर्षं एखाद्या गोष्टीवर जीव लावणं, तिचा पुढचा भाग पडद्यावर येणार म्हणून दिवस मोजणं, तिकीट हातात आलं की रात्री झोप न लागणं, यात लाजण्यासारखं मला काहीच दिसत नाही. आपल्याकडे संगीत नाटकांसाठी लोक बैलगाड्या जुंपून रात्र रात्र प्रवास करायचे. एकाच पदाला चार-चार वेळा वन्स मोअर द्यायचे. पद तर त्यांना आधीच पाठ असायचं, तरीही. तू ज्या ओढीनं गेलीस ती हीच आहे.

पण तुझ्या पत्रातला एक परिच्छेद मी दोनदा वाचला. त्यात तू आकडे दिले आहेस. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये याच मालिकेचा 'मुगेन ट्रेन' हा चित्रपट जपानमध्ये लागला, 'स्पिरिटेड अवे' या अ‍ॅनिमेपटाचा १९ वर्षांचा कमाईचा विक्रम त्यानं डिसेंबरमध्येच मोडला आणि शेवटी ४० अब्ज येनच्या वर गेला. आकडे बरोबर आहेत. पुढे तू लिहितेस, "एवढे लोक वेडे असतील का, असं बाबांना सांगितलं तरी ते ऐकत नाहीत." इथं मला थांबावंसं वाटलं. तुला ही गोष्ट का आवडते हे मला त्या परिच्छेदातून कळलं नाही, आणि बाबांनाही कळलं नसणार. ते कळलं तुझ्या दुसऱ्या एका ओळीतून: "तो पेटी पाठीवर घेऊन चालत राहतो ना, तेव्हा मला घरची आठवण येते." (तो म्हणजे मालिकेचा नायक तांजिरो, आणि पेटीत त्याची बहीण.) बाबांना हे सांगितलं आहेस का कधी? आकडे आपण समोरच्यानं आपल्याला चूक ठरवू नये म्हणून पुढे करतो. बाबा न्यायाधीश नाहीत, त्यांना पुरावा कशाला हवा?

आता त्या संध्याकाळकडे येऊ. तू धरून चालली आहेस की बाबांना चित्रपट दाखवला आणि त्यांना तो आवडला नाही. मला वाटतं, चित्रपट त्यांना दाखवलाच गेला नाही.

आधी डोळ्यांचं बघ. तपासणीसाठी थेंब घालून बसवतात ते बाहुल्या मोठ्या व्हाव्यात म्हणून. त्यानंतर काही तास जवळचं नीट दिसत नाही आणि उजेड टोचतो. बाहेर पडताना काळा चष्मा घाला म्हणतात ते यासाठीच. त्या डोळ्यांनी बाबा संध्याकाळी अंधाऱ्या सभागृहात बसले, आणि समोर पडद्यावर सतत विजा, ज्वाळा, पाण्याच्या लाटा आणि तलवारींचं लखलखणं. चित्रपट १५५ मिनिटांचा, म्हणजे दोन तास पस्तीस मिनिटांचा. त्यांनी डोळे मिटले तर ते कंटाळ्यानं मिटले की त्रासानं, हे तुला ठाऊक नाही. मलाही नाही. पण मध्यंतरात त्यांनी घरी जायचं विचारलं, तू थांबा म्हणालीस आणि ते थांबले, एवढं मात्र तूच लिहिलं आहेस. डोळ्यांना त्रास होत असताना, काही समजत नसताना हा माणूस आणखी सव्वा तास बसून राहिला. कशासाठी? पत्रात याचं उत्तर मला एकच दिसतं: तू थांबा म्हणालीस म्हणून.

आता गोष्टीचं. 'इन्फिनिटी कॅसल' सुरू होतो तिथं काय चाललेलं असतं ते आठव. राक्षसांशी लढणारे सगळे योद्धे एका उलट्यासुलट्या, तळ नसलेल्या किल्ल्यात कोसळत आहेत. कोण कोणाचा शिष्य, कोणाची बहीण कुणी मारली, झेनित्सु या योद्ध्याचा आपल्याच गुरुबंधूवर एवढा राग का, यातलं चित्रपट फारसं समजावत बसत नाही, कारण बघणाऱ्याला ते ठाऊक आहे असं तो गृहीत धरतो. तुला ठाऊक होतं. त्याआधीचे ६३ भाग तू पाहिले होतेस, काही दोनदा. बाबांना तू थेट चौसष्टाव्या पायरीवर उभं केलंस आणि म्हणालीस, बघा किती छान दिसतंय.

माझे आजोबा कीर्तनाला जायचे आणि लहानपणी मला बरोबर न्यायचे. बुवा उभे राहिले की आधी नमन, मग एक अभंग, मग त्याचं निरूपण. मला त्याचा कंटाळा यायचा. मी आजोबांना कुजबुजून विचारायची, गोष्ट कधी सुरू होणार? ते म्हणायचे, "पूर्वरंग झाल्याशिवाय आख्यान लागत नाही." लागत नाही, म्हणजे मनाला लागत नाही. मध्ये बुवांना हार घालायचे, बुक्का लावायचे, आणि मग उत्तररंगात हरिश्चंद्र स्मशानात उभा राहिला की माझ्यासकट सगळा मंडप रडायचा. हरिश्चंद्राची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊकच होती. बुवांनी तासभर खपून मन मऊ केलेलं असायचं, म्हणून ती पुन्हा लागायची. तू बाबांना मुसळधार आख्यान दिलंस, मैत्रिणी. पूर्वरंग राहून गेला.

मला हे मालिकेबद्दल एवढं कसं कळतं, असं तुला वाटेल. माझ्या भाच्यानं हाच घाट माझ्यासाठी घातला होता, फक्त उलट्या बाजूनं. घरच्या टीव्हीवर त्यानं मला पहिला भाग लावून दिला आणि आधी एवढंच म्हणाला, "मावशी, कोळसा विकणाऱ्या घरातला मुलगा आहे. वडील आजारानं गेलेत. बाकी काही लक्षात ठेवू नकोस." चोवीस मिनिटांचा भाग. बर्फात कोळशाची टोपली पाठीवर घेऊन डोंगर उतरणारा थोरला मुलगा, गावातली लोकं त्याला हाका मारतायत, रात्री उशीर झाला म्हणून एक म्हातारा त्याला ठेवून घेतो, आणि सकाळी तो घरी परततो तेव्हा घर उरलेलं नसतं. जिवंत राहिलेल्या एकट्या बहिणीला पाठीवर घेऊन तो बर्फातून धावतो. भाग संपला तेव्हा माझा भाचा मोबाइल बघत बसला होता. माझ्या चेहऱ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही, "आवडलं का" म्हणून विचारलं नाही. दुसरा भाग लाव, असं मीच म्हणाले.

नंतर त्यानं सांगितलं की त्या मुलाचं, तांजिरोचं, आडनाव कामादो, आणि जपानीत कामादो म्हणजे चूल. त्याच्या नावातल्या 'तान'चं अक्षर कोळशाचं. ज्या मुलाची चूल विझली त्याच्या नावातच चूल आणि कोळसा आहेत, हे कळल्यावर मी ती मालिका वेगळ्या नजरेनं बघायला लागले. मूळ कॉमिक कोयोहारू गोतोगे यांचं, २०१६ ते २०२० या काळात साप्ताहिकातून आलेलं. एवढं रक्त सांडणाऱ्या गोष्टीच्या मुळाशी कोळसा, चूल आणि भावंडं ठेवावीत, हे ज्याला सुचलं त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

'कार्टून' हा शब्द तुला टोचला. मला तो तुच्छतेचा वाटत नाही. चालणाऱ्या-बोलणाऱ्या चित्रांना बाबांच्या पिढीकडे तेवढाच शब्द आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा, तेव्हा बाबा तुझ्याच आजच्या वयाचे असतील. अख्ख्या गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी पोरं आणि मोठी माणसं दाटीवाटीनं बसायची. ती मालिका जपानमध्ये, १९८९ साली तयार झाली होती. म्हणजे बाबांनी अ‍ॅनिमे तुझ्या आधी बघितलं आहे, त्याला अ‍ॅनिमे म्हणतात हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. जपान्यांनी भारतीय चित्रकारांबरोबर केलेला रामायणाचा अ‍ॅनिमेपट जानेवारी २०२५ मध्ये इथल्या चित्रपटगृहांत लागला होता, तोही त्यांना माहीत असेल. सहज विचारून बघ, "बाबा, तुम्ही मोगली बघायचात का?" आणि मग त्यांना बोलू दे.

आणि आता तुझ्या पत्रातली ती ओघात आलेली ओळ. तालीम. तुझ्या हातात किल्ली होती आणि तू ती खिशात ठेवून दार ढकलत बसलीस.

(ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.)

तू रडलीस ते हाकुजीच्या गोष्टीला. पुढे जो आकाझा नावाचा राक्षस होतो तो हा मुलगा. बाप अंथरुणाला खिळलेला, औषधाला पैसे नाहीत म्हणून पोरगा खिसे कापतो. पकडला की मार खातो, हातांवर गुन्हेगाराचे पट्टे गोंदवून घेतो आणि तरी पुन्हा चोरी करतो. आपल्या औषधापायी पोर वाया चाललंय हे बापाला सोसवत नाही. तो गळफास घेतो आणि मागे चिठ्ठी ठेवतो की तू सरळ वाटेनं जग. मग त्या पिसाळलेल्या पोराला एक गुरू भेटतो. आधी त्याला लोळवतो, मग घरी नेतो आणि आपल्या आजारी मुलीची शुश्रूषा त्याच्यावर सोपवतो. चोर म्हणून हाकलून दिलेल्या पोरावर स्वतःची लेक सोपवणारा हा माणूस. कोल्हापुरात याला काय म्हणतात? वस्ताद. तुझ्या बाबांना अशा वस्तादांच्या गोष्टी ठाऊक असणार, कदाचित एखादा त्यांनी जवळून बघितलाही असेल.

मालिकेतल्या योद्ध्यांची सगळी ताकद श्वासात आहे, हे तुला माहीतच आहे. पाण्याचा श्वास, ज्वाळेचा श्वास, विजेचा श्वास. तांजिरोचे वडील अशक्त, आजारी, पण वर्षारंभी अग्निदेवाचं नृत्य बर्फात संध्याकाळपासून पहाटेपर्यंत करायचे. मुलानं विचारलं, तुम्ही दमत कसे नाही? उत्तर श्वासाचं होतं. आखाड्यात उतरलेल्या माणसाला हे तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा लवकर कळेल. दम कुठे राखायचा, कुठे सोडायचा, समोरचा दमला हे कशावरून ओळखायचं, हे सगळं बाबांनी अंगानं शिकलेलं आहे. गोंधळ-जागरणात रात्र उभी करणारी माणसंही त्यांनी पाहिली असतील. बाबांना कळणारी ही गोष्ट आहे. फक्त ती त्यांच्या बाजूनं उघडायला हवी.

म्हणून माझं म्हणणं असं. पुढचा भाग येईल तेव्हा येईल, तिकिटाचा विचार आत्ता सोड. पुढच्या वेळी घरी गेलीस की जेवताना बाबांना हाकुजीची गोष्ट तोंडानं सांग. पडदा नाही, मोबाइल नाही. "बाबा, त्या दिवशी मी का रडले ते सांगू?" एवढ्यावर सुरुवात कर. जपानी नावं घेऊ नकोस. 'एक चोर पोरगा होता' म्हण, 'एक वस्ताद होते' म्हण. पाच मिनिटांत होईल. ते मध्येच बोलले, त्यांच्या तालमीतलं काही आठवून सांगायला लागले, तर तुझी गोष्ट अर्धी राहू दे. त्यांची ऐक.

त्यानंतर त्यांनी कुतूहल दाखवलं तरच पहिला भाग लाव. मोठ्या टीव्हीवर, हिंदीत, दिवसाउजेडी, आणि एकच. मध्ये थांबवून समजावू नकोस. त्यांच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. आपल्या आवडीच्या वस्तूवर समोरच्याचा चेहरा वाचत बसणं हे त्या माणसासाठी परीक्षेसारखं असतं. आणि ते म्हणाले, "बरं आहे, पण आपल्याला नाही जमत," तर तो विषय तिथं सोडून दे. मनापासून सोड, पुढच्या महिन्यात पुन्हा काढण्यासाठी नको.

कारण मला खरंच वाटतं, तुला बाबांना चाहता करायचं नाहीये. त्यांनी तुला ओळखावं, एवढंच तुला हवं आहे. ते त्यांना मालिका न आवडताही करता येईल.

दिवाळीचं वेगळं. तिथं तू दुखावलीस ते योग्य आहे, आणि त्याचा चित्रपटाशी काही संबंध नाही. एकट्यात घडलेली गोष्ट त्यांनी चारचौघांत हसण्यावारी नेली. हे त्यांना सांगायलाच हवं, पण हाकुजीच्या गोष्टीबरोबर नाही, दुसऱ्या दिवशी, आणि दोन वाक्यांत: "बाबा, मी रडले ते तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, ते मला लागलं. पुन्हा नका सांगू." कार्टून की अ‍ॅनिमे या वादात शिरू नकोस. ते कदाचित म्हणतील, "अगं गंमत केली." तू म्हण, "मला माहितीय. तरी लागलं." आणि उठून चहा टाक. बाप माणसं माफी क्वचित मागतात, पण ऐकलेलं विसरत नाहीत. एक सांगू? झोपेतून उठल्या उठल्या अंधारात त्यांना पडदा दिसला नाही, तू रडताना दिसलीस. आणि रडणाऱ्या मुलीला काय म्हणावं हे न सुचणाऱ्या माणसानं घरी पोचेपर्यंत जे सुचलं ते म्हटलं.

आत्याच्या सल्ल्याला मी फार वेळ देणार नाही. स्थळ बघताना आवडी लपवू नकोस. पहिल्या-दुसऱ्या भेटीतच सरळ सांग: मला अ‍ॅनिमे आवडतं, पहिल्या दिवशी पहिला खेळ बघते. समोरचा हसला तर कसा हसतो तेवढं बघ. पुढची चाळीस वर्षं ज्याच्या घरात काढायची तिथं दार लावून हेडफोनवर बघायची वेळ येऊ नये.

आणि पुढच्या भागाच्या पहिल्या खेळाला कुणाबरोबर जायचं? ज्यांनी ते ६३ भाग पाहिले आहेत त्यांच्याबरोबर. एकाच वेळी श्वास रोखणाऱ्या शेजाऱ्याची जी मजा असते ती बाबांकडून मागू नकोस. ती तुझ्या वयाच्या लोकांत मिळेल आणि पुण्यात अशी मुलं-मुली शेकड्यांनी आहेत. मूळ जपानी आवाजात बघ. तांजिरोला नात्सुकी हानाए यांचा आवाज आहे, तो डबिंगमध्ये कितीही चांगला केला तरी वेगळा वाटतो. धाकट्या चुलत भावंडांना नेणार असशील तर आधी प्रमाणपत्र बघ. आता 'यूए'च्या पुढे ७, १३ किंवा १६ असं वय लिहिलेलं असतं. या गोष्टीत मुंडकी उडतात, आणि चित्रं आहेत म्हणजे मुलांसाठीच असणार, या समजानं कितीतरी आईबाप सात-आठ वर्षांच्या पोरांना घेऊन येतात.

हे सदर वाचणाऱ्या आईबाबांनाही थोडं सांगायचं आहे. तुमचं मोठं झालेलं मूल तुम्हाला स्वतःच्या आवडीचा चित्रपट बघायला बोलावत असेल तर ते तुम्हाला स्वतःच्या खोलीत बोलावतं आहे. समजलं नाही तर समजलं नाही म्हणा. झोप आली तर झोपा. पण परतताना एक प्रश्न विचारा: "तुला त्यातलं कोण आवडतं?" उत्तर वीस मिनिटांचं येईल. ऐकून घ्या. मुलांच्या मनात काय चाललंय हे सरळ विचारून कळत नाही, ते असं कळतं. मलाही माझ्या भाच्याचं पुष्कळसं असंच कळलं. 'मुगेन ट्रेन'मधल्या रेन्गोकू या योद्ध्यावर तो अर्धा तास बोलला, आणि बोलता बोलता कळलं की त्याला स्वतःच्या थोरल्या भावाची किती आठवण येते.

मैत्रिणी, एक शेवटचं तुझ्यासाठी. तांजिरोची गोष्ट जपानच्या ताइशो काळातली आहे आणि तो काळ १९१२ मध्ये सुरू झाला. शाहू महाराजांनी बांधलेलं तुमचं खासबाग मैदान त्याच १९१२ सालचं. तिकडे दूर एका डोंगरात कोळसा विकणारा मुलगा कल्पिला गेला तो काळ, आणि इकडे तुमच्या गावात हजारो माणसं कुस्त्या बघायला बसू लागली तो काळ, एकच. तू बाबांना तुझ्या मैदानात नेलंस, आता त्यांच्या मैदानात जा. कोण कुठला मल्ल, कोणता डाव कुठे लागला, समालोचक कुणाचं नाव घेऊन एवढा का ओरडतोय, यातलं तुला काहीही कळणार नाही. तेव्हा बाबांना विचार आणि ते सांगतील. खासबागेत पुढच्या कुस्त्या कधी आहेत हे आजच त्यांना फोन करून विचार, आणि तारीख कळली की रजा टाक.